मागाचा टॅपेट, गाडीचा टॅपेट

मागच्या महिन्यात पुतण्याबरोबर कोल्हापूरहून येत होतो आणि वाटेत गाडी बंद पडली. आधी कसली कुरकुर नाही, धूर नाही. एकदम 'टक्' असा आवाज झाला आणि इंजिन गप्प. पुतण्याने दोन-तीन वेळा किल्ली फिरवून पाहिली, नुसतीच घरघर. शेवटी एका टेंपोवाल्याने टोचन लावून गाडी इचलकरंजीपर्यंत आणून दिली.

इचलकरंजीत पस्तीस वर्षं मास्तरकी केल्याचा एक फायदा असतो. कुठेही जा, दर तिसऱ्या दुकानात कोणीतरी "सर, बसा की" म्हणून खुर्ची पुढे करतो. गॅरेजमध्येही तेच झालं. मालक पंचावन्नच्या आसपासचा, केस पांढरे, हात कोपरापर्यंत काळे. म्हणाला, "सर, ओळखलं का? नववी ब. शेवटचा बाक." मी चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो, पण 'शेवटचा बाक' म्हटल्यावर ओळख पटली. (त्याचं नाव इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल.)

त्याने बॉनेट उघडून पुढचं झाकण काढलं आणि दातेरी रबरी पट्ट्याचा तुकडा काढून दाखवला. "टायमिंग बेल्ट तुटलाय. आत व्हॉल्व्ह वाकले असणार. हेड खोलावं लागतंय." पुतण्याचा चेहरा उतरला. खर्चाचा आकडा ऐकून आणखी उतरला.

दुसऱ्या दिवशी सहज बघायला गेलो, तर इंजिन खोलून ठेवलेलं. त्याने फडक्याने पुसून एक लोखंडी दांडा माझ्या हातात दिला. हातभर लांब, आणि त्यावर ठरावीक अंतराने अंड्याच्या आकाराचे उंचवटे. प्रत्येकाचं टोक वेगळ्या दिशेला. "सर, ओळखलं का हे?"

"नाही बाबा. मी कला शाखेचा माणूस."

"टॅपेट आहे सर. आपल्या मागाचा टॅपेट. गाडीत ह्याला कॅम म्हणतात, आणि हा अख्खा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. तुम्हाला एकदा वहीत काढून दाखवला होता मी."

मला काही बोलता आलं नाही. मंडळी, मला ती वही चांगली आठवत होती.

तर आधी तो दांडा काय करतो ते सांगतो, मला कळलं तसं. नाहीतर पुढचं समजणार नाही.

एखादं चाक अगदी गोल असेल आणि त्याच्या कडेवर तुम्ही बोट टेकवून धरलंत, तर चाक कितीही फिरो, बोट हलणार नाही. पण चाक एका बाजूला फुगीर असेल, तर तो फुगवटा आला की बोट उचललं जाईल आणि गेला की खाली येईल. एवढीच युक्ती. फुगवटा हळूहळू वाढत नेला तर बोट सावकाश उचललं जातं. एकदम टोकदार ठेवला तर दणका बसतो. वर गेल्यावर काही अंतर कड गोलच ठेवली तर बोट तेवढा वेळ वरच थांबतं. गणिताचे मास्तर फळ्यावर आलेख काढतात ना, तो आलेख सरळ रेषेवर न काढता वर्तुळाभोवती गुंडाळला की कॅम तयार होतो. कधी उचलायचं, किती उचलायचं, किती वेळ थांबायचं, सगळं त्या कडेत लिहिलेलं असतं.

इंजिनात दट्ट्याच्या चार खेपा असतात: इंधन आणि हवा आत घेणे, दाबणे, स्फोटाने ढकलले जाणे, आणि धूर बाहेर टाकणे. (डिझेलच्या इंजिनात पहिल्या खेपेला नुसती हवा आत येते.) एवढ्यात मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे फिरतो. पण आत घ्यायची झडप आणि बाहेर टाकायची झडप दोन फेऱ्यांत एकेकदाच उघडायची असते. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरवतात. कॅम झडप ढकलून उघडतो, स्प्रिंग ती मिटवते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर एकेक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. या दोन दांड्यांची जोडी जुळवून ठेवतो तो टायमिंग बेल्ट. तो तुटला की कॅमशाफ्ट जागेवर थांबतो आणि काही झडपा उघड्याच राहतात. दट्ट्या मात्र वर येतच असतो. आमच्या गाडीत झालेला 'टक्' हाच.

आता वहीची गोष्ट.

साल १९८४. मी नववीला इतिहास शिकवत होतो, धडा औद्योगिक क्रांती. माझ्या टिपणांची वही तयार होती, दरवर्षी तीच. १७३३, जॉन के, धावता धोटा. १७८५, एडमंड कार्टराइट, यंत्रमाग. खाली रेघ मारा, परीक्षेला येतं. शाळेच्या खिडकीतून आजूबाजूच्या शेडमधल्या मागांचा खडखडाट अखंड ऐकू यायचा. त्यामुळे मी मोठ्या आवाजात शिकवायचो. आज हे लिहिताना त्यातला विनोद कळतो. यंत्रमागाचा धडा ऐकू यावा म्हणून मी यंत्रमागाच्या आवाजावर ओरडत होतो.

शेवटच्या बाकावर हा मुलगा झोपलेला. घरचे चार माग होते, आणि रात्रपाळीला कामगार आला नाही की हा उभा राहायचा, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी त्याला उठवून विचारलं, "यंत्रमाग कोणी शोधला?" त्याला सांगता येईना. मी काहीतरी लागेल असं बोललो. काय ते इथे लिहायची लाज वाटते. तो म्हणाला, "सर, कुणी शोधला ते माहीत नाही, पण चालतो कसा ते सांगू का?" वर्ग हसला. तास संपल्यावर तो वही घेऊन टेबलाशी आला. पानभर चित्र काढलं होतं. खालचा दांडा, त्यावर दोन टॅपेट, बाजूला आणखी दोन, बाणांनी दिशा दाखवलेल्या. मी नजर टाकली आणि म्हणालो, "हे परीक्षेत विचारत नाहीत."

एवढंच. मारलं नाही, काही नाही. पण दहावीला तो शाळेत आला नाही, आणि मी चौकशी केली नाही.

त्या चित्रात काय होतं ते मला या महिन्यात कळलं, चाळीस वर्षांनी. साध्या मागात दोन दांडे असतात. वरचा दांडा एक फेरा फिरला की फणी एकदा ठोकली जाते, म्हणजे एक धागा विणला जातो. खालचा दांडा त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. (इंजिनासारखाच! गॅरेजमध्ये हे ऐकल्यावर मी खुर्चीवरून उठलो.) साध्या विणीत एका धाग्याला ताण्याचे सम धागे वर आणि विषम खाली, दुसऱ्याला उलट. दोन फेऱ्यांनी चक्र पूर्ण होतं, म्हणून खालचा दांडा निम्म्या वेगाचा. त्यावरचे दोन टॅपेट एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून बसवलेले असतात आणि ते आळीपाळीने ताणा उघडतात. आणखी दोन टॅपेट धोट्याला मारण्यासाठी, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"सर, दोन्हींचा आकार बघा," तो म्हणाला आणि खडूने जमिनीवर काढून दाखवला. ताणा उघडणारा टॅपेट गुबगुबीत असतो. धागे तुटू नयेत म्हणून त्याने सावकाश उचलायचं, धोटा पार होईपर्यंत थांबायचं आणि मग सावकाश सोडायचं. धोट्याला मारणारा मात्र नाकाडा असतो, कारण तिथे दणकाच हवा.

हा माणूस नववीत नापास होण्याच्या बेतात होता.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. रिटायर झालेल्या इतिहासाच्या मास्तराला दुसरं काय येतं?

कॅमची युक्ती फार जुनी निघाली. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच पाणचक्कीच्या आसावर लाकडी खुंट्या बसवून त्यांनी मुसळं उचलत आणि धान्य कांडत. खुंटी आली की मुसळ वर, खुंटी निसटली की धप्प खाली. कॅमचं हे सगळ्यात साधं रूप. युरोपात हीच युक्ती लोकरीच्या कापडासाठी आली. विणलेलं लोकरी कापड घट्ट होण्यासाठी पाण्यात तुडवावं लागे, आणि रोमन काळापासून ते काम माणसं पायांनी करत. पुढे पाणचक्कीने उचललेले लाकडी हातोडे ते करू लागले. इंग्लंडमध्ये टेंपलर पंथाच्या जमिनींची ११८५ साली मोजदाद झाली, तिच्यात अशा गिरण्यांचा उल्लेख आहे. म्हणजे पायाचं काम कॅमकडे गेलं त्याला आठशेवर वर्षं झाली, आणि तेही कापडाच्याच धंद्यात.

या हातोड्यांची एक गंमत सर्व्हांटिसने लिहून ठेवली आहे. त्याच्या 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ साली आला. त्यात एका अंधाऱ्या रात्री हा वेडा सरदार आणि त्याचा सेवक सांचो रानात धप्प धप्प असा भयानक आवाज ऐकतात. सांचोची घाबरगुंडी उडते, सरदार मरणाची तयारी करतो. सकाळी जाऊन पाहतात तर कापड कुटणारे सहा हातोडे! सांचोला हसू आवरत नाही आणि तो मार खातो. इचलकरंजीत पहिल्यांदा मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांची रात्रही साधारण अशीच जायची.

त्याच्या चारशे वर्षं आधी, १२०६ साली, दियारबकर इथल्या दरबारातल्या अल्-जझारी नावाच्या कारागिराने यंत्रांवर ग्रंथ पुरा केला. त्यात राजाच्या मेजवानीसाठी एक नाव आहे आणि नावेत चार बाहुले-वादक. पाण्याने आस फिरतो, आसावरच्या खुंट्या तरफा दाबतात आणि बाहुले वाजवू लागतात. ताल खुंट्यांच्या जागेवर ठरतो.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटला तो स्वित्झर्लंडमधला 'लेखक'. पिएर जाके-द्रो हा घड्याळजी, त्याचा मुलगा आणि लेशो नावाचा साथीदार यांनी १७६८ ते १७७४ या काळात एका लहान मुलाचा बाहुला बनवला. तो टेबलाशी बसून पीस शाईत बुडवतो, झटकतो आणि कागदावर लिहितो. नजर अक्षरांबरोबर फिरते. चाळीस अक्षरांपर्यंतचा कोणताही मजकूर त्याच्याकडून लिहवून घेता येतो. त्याच्या पोटात पितळी कॅमची चळत आहे. एकेका अक्षराला तीन कॅम लागतात, दोन हात फिरवण्यासाठी आणि एक पीस उचलण्या-टेकवण्यासाठी. न्यूशातेलच्या संग्रहालयात तो आजही आहे, आणि लिहितो.

असा विद्यार्थी मला किती आवडला असता! शुद्धलेखनाची चूक नाही, शाईचा डाग नाही, वर्गात झोप नाही. फक्त एक गोष्ट तो करू शकत नाही. तास संपल्यावर वही घेऊन टेबलाशी येऊ शकत नाही.

पुढे कॅम खेळण्यातून कारखान्यात आला. अमेरिकेत हार्टफर्डच्या ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८७३ साली आपोआप स्क्रू बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोवर लेथवर उभा असलेला कुशल कामगार एकामागून एक हत्यारं पुढे आणायचा आणि मागे घ्यायचा. स्पेन्सरच्या यंत्रात एक पिंप फिरायचं, त्यावर पट्ट्या बसवलेल्या, आणि कोणतं हत्यार कधी पुढे जायचं ते त्या पट्ट्या ठरवायच्या. पट्ट्या बदला, दुसरी वस्तू तयार. त्या पिंपाला लोक 'मेंदूचाक' म्हणत. तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, जर्मनीत ओटोचं चार खेपांचं इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर निम्म्या वेगाने फिरणारा दांडाही आला. पुढे आपल्याकडच्या विहिरींवर पुकपुक करणाऱ्या इंजिनांतही तोच होता. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली. त्यानंतर शेतकऱ्यांच्या किती पिढ्यांनी त्या दांड्याच्या तालावर पाणी पाजलं असेल!

आणि आता कार्टराइट, ज्याच्या नावाखाली मी पस्तीस वर्षं रेघ मारायला सांगितली. हा धर्मोपदेशक होता. त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की यंत्रमाग करायला घेतला तेव्हा त्याने कोणाला विणताना पाहिलंही नव्हतं. पहिला माग इतका अवजड झाला की तो चालवायला दोन दणकट माणसं लागत आणि तीही लवकर दमत. पेटंट घेतल्यावर तो विणकरांकडे बघायला गेला, आणि ते किती सहज विणतात हे पाहून थक्क झाला. पुढे पन्नासएक वर्षं अनेकांनी त्यात सुधारणा केल्या, तेव्हा कुठे १८४०च्या सुमारास लँकशायरचा माग नीट चालू लागला.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. कार्टराइटने निदान नंतर तरी विणकराकडे जाऊन पाहिलं.

आमच्या जुन्या शेजारी हातमाग होता. विणणारे काका खड्ड्यात पाय सोडून बसत. पायांनी खालच्या फळ्या दाबून ताणा उघडत, एका हाताने दोरीला हिसका देऊन धोटा पळवत आणि दुसऱ्या हाताने फणी ओढत. पाय, हिसका, ओढ. यंत्रमागात पायाचा टॅपेट झाला, हिसक्याचा दुसरा टॅपेट झाला, ओढीचा क्रँक झाला. गुबगुबीत टॅपेटचा तो सावकाशपणा कोणा इंजिनिअरला स्वप्नात सुचला नसणार. धागा तुटू नये म्हणून पाय किती हळू दाबायचा, हे हजारो विणकरांच्या घोट्यांना आधीच ठाऊक होतं. ते लोखंडात उतरलं, पण त्यांचं नाव कुठेच उतरलं नाही.

आणि त्यांचं पोटही त्यातून सुटलं नाही. लँकशायरमध्ये हातमागवाल्यांची मजुरी घसरत गेली. १८२६च्या एप्रिलमध्ये उपाशी विणकरांनी तीन-चार दिवसांत हजाराहून अधिक यंत्रमाग फोडले. आमच्या गावात मात्र गोष्ट वेगळी घडली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला, आणि जहागिरीचं एक गाव बघता बघता 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' झालं. इथे टॅपेटने पोटं भरली. रात्री जागवल्या, कान बधिर केले, नववीतली पोरं शाळेतून ओढून नेली, हेही खरंच. इतिहास शिकवताना मी यातलं एकही वाक्य सांगितलं नव्हतं. ते टिपणात नव्हतं.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी मी त्याला विचारलं, "दहावी का सोडलीस रे?" तो हसला. "वडलांचा हात सापडला होता मागात, सर. माग कोण चालवणार?" म्हणजे माझ्या त्या वाक्याने त्याने शाळा सोडली नव्हती. हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याच्या घरी एवढं घडलं आणि मला ते कळायला चाळीस वर्षं लागली.

चार माग पुढे त्याने भंगारात विकले. आता गावात बिनधोट्याचे माग आले आहेत. धोटा गेला, तरी ताणा उघडायला त्यातल्या बऱ्याच मागांत कॅम अजून आहेच. गाड्यांचं म्हणाल तर विजेवरच्या गाडीत झडपा नाहीत, त्यामुळे कॅमशाफ्टही नाही. पुतण्या म्हणाला, "काका, पुढची गाडी इलेक्ट्रिकच घेणार." मी गॅरेजवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "घेऊ देत की. मागाचं गाडीत उपयोगी पडलं. गाडीचं पुढं कशात तरी पडंल."

निघताना मी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली आणि मागाचं चित्र पुन्हा काढून मागितलं. खालचा दांडा, दोन टॅपेट, बाजूचे दोन, बाण. हाताच्या काजळीचा डाग पडला म्हणून तो ओशाळला. मी म्हटलं, राहू दे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माग होते आणि पाय, हात, धोटा यांचं काही आठवत असेल, तर जरूर लिहून ठेवा. नावं आणि सालं मागाहून शोधता येतात.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : पुतण्याने टायमिंग बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलला नव्हता. तुम्ही बदला.